वाचकांचे प्रश्न : नाताळचे दार केव्हा उघडते?

प्रश्न : गेल्या वर्षी जुलैमध्ये पतींच्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून लाइपझिगला राहायला आलो. तेव्हा रात्री नऊपर्यंत उजेड असे आणि समोरची बाग माणसांनी फुललेली असे. नोव्हेंबर लागला आणि सारेच पालटले. दुपारी चारला दिवे लावावे लागत, आठ-आठ दिवस ऊन दिसत नसे आणि जिन्यात भेटणारे शेजारी नमस्कारापलीकडे काही बोलत नसत. २४ डिसेंबरला दुपारी तीनच्या सुमारास मी दूध आणायला बाहेर पडले, तर आमच्या भागातले एकही दुकान उघडे नव्हते. त्या संध्याकाळी घराघरांत दिवे लागलेले दिसत होते आणि आम्ही दोघे सहा वर्षांच्या लेकीला घेऊन नुसते खिडकीशी उभे होतो. मला फार रडू आले. आता पुन्हा तेच दिवस येत आहेत. या लोकांना आम्ही नकोसे आहोत का, आणि हा हिवाळा कसा काढावा?
— एक वाचक, लाइपझिग

उत्तर : तुमचे पत्र वाचताना मला माझा १७ वर्षांपूर्वीचा जर्मनीतला पहिला डिसेंबर आठवला, म्हणून जरा सविस्तर लिहिते. त्या बंद दारांवरून शेजाऱ्यांच्या मनाचा निष्कर्ष काढू नका. ज्या संध्याकाळी तुम्ही खिडकीशी उभ्या होतात, ती इथली वर्षातली सर्वांत घरगुती संध्याकाळ असते. दुकाने दुपारी दोनपर्यंत बंद होतात, पुष्कळ घरांत बटाट्याचे सॅलड आणि सॉसेज एवढाच साधा बेत असतो, मुलांना भेटी मिळतात त्याही त्याच रात्री, आणि २५ व २६ डिसेंबर या दोन्ही सार्वजनिक सुट्ट्या नातेवाइकांकडे जाण्यायेण्यात सरतात. आपण तरी ऐन लक्ष्मीपूजनाच्या वेळी तोंडओळखीच्या शेजाऱ्यांना घरी कुठे बोलावतो? फराळाचे ताट मात्र त्यांच्याकडे अगत्याने पाठवतो. जर्मनीतले असे फराळाचे दिवस म्हणजे आडव्हेंट, म्हणजेच नाताळपूर्वीचे चार रविवार आणि त्यांच्या मधले आठवडे. घरोघरी लहान बिस्किटे भाजली जातात, डबे भरले जातात, ओळखीपाळखीत वाटले जातात. माणसे एकमेकांना भेटतात ती या दिवसांत.

हे उमगायला मला तीन हिवाळे लागले. चौथ्या वर्षी आम्ही आडव्हेंटच्या दुसऱ्या रविवारी दुपारी कॉफीसाठी इमारतीतल्या सर्वांना बोलावले. दोन आठवडे आधी प्रत्येकाच्या टपालपेटीत चिठ्ठी टाकली आणि तीत ‘तीन ते पाच’ अशी वेळ स्पष्ट लिहिली, कारण इथे आयत्या वेळचे आमंत्रण माणसाला संकोचात टाकते. चारजण आले. तळमजल्यावरच्या आजी, ज्यांनी तोवर माझ्याशी कचऱ्याच्या डब्यांखेरीज दुसरा विषय काढला नव्हता, त्यांनी शंकरपाळ्यांची कृती लिहून घेतली आणि पुढच्या शनिवारी बिस्किटांचा डबा दाराशी ठेवला. तुम्हीही हेच करून पाहा. पदार्थांत दाणे किंवा काजू असतील तर तेवढे मात्र आधी सांगा.

लेकीसाठी तर हे दिवस फार मोलाचे आहेत. ५ डिसेंबरच्या रात्री तिचे बूट स्वच्छ पुसून दाराबाहेर ठेवायला सांगा. ६ तारखेला सकाळी संत निकोलाउसने त्यांत खाऊ ठेवलेला असतो. इथल्या घराघरांत दिसणाऱ्या दोन गोष्टींचा उगम तिला अवश्य सांगा, कारण दोन्ही गोष्टी मायेच्या घरापासून दूर असलेल्या मुलांशी जोडलेल्या आहेत. दर रविवारी एक मेणबत्ती वाढवत न्यायची, ते आडव्हेंटचे चक्र १८३९ मध्ये हांबुर्गमध्ये योहान हिनरिश विशेर्न या धर्मोपदेशकाने केले. त्याने चालवलेल्या आश्रमातली गरीब मुले नाताळला किती दिवस उरले म्हणून रोज विचारत, तेव्हा त्याने गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या बसवून त्यांना दिवस मोजायला दिले. दुसरी गोष्ट तुमच्याच साक्सनी राज्यातली आहे. हेर्नहूटचा तारा म्हणून ओळखला जाणारा कागदी तारा १९व्या शतकाच्या पूर्वार्धात मोराव्हियन ख्रिस्ती पंथाच्या वसतिशाळांतून रूढ झाला. आईवडील धर्मकार्यासाठी दूरदेशी असलेली मुले तिथे राहत आणि आडव्हेंटच्या पहिल्या रविवारी आपापला तारा जोडत.

हा तारा आम्ही दर वर्षी घरी जोडतो. त्याला २५ टोके असतात, १७ चौकोनी तळाची आणि ८ त्रिकोणी तळाची; एकेक टोक उलगडायचे, कडा जुळवायच्या, पितळी पिन आरपार घालून तिचे पाय आतून फाकवायचे आणि शेवटी मोकळ्या राहिलेल्या जागेतून दिवा आत सोडायचा. पहिल्यांदा तो खिडकीत उजळला तेव्हा माझा मुलगा उत्स्फूर्तपणे म्हणाला, “आई, आपला आकाशकंदील!” तुम्ही दिवाळीचा कंदील उतरवला असेल तर तोही पुन्हा लावा. तुमच्या दक्षिणेला असलेल्या एर्त्सगेबिर्गं या डोंगराळ भागात आजही घराघरांच्या खिडक्यांत दिव्यांच्या लाकडी कमानी असतात. तिथले खाणकामगार हिवाळ्यात अंधारातच खाणीत उतरत आणि अंधार पडल्यावरच वर येत. उजेडाची ही ओढ त्या माणसांची आहे.

राहिला प्रश्न तुमच्या मनाचा. लाइपझिग ५१ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने २१ डिसेंबरच्या सुमारास तिथला दिवस जेमतेम आठ तासांचा असतो, तर पुण्यातला सर्वांत लहान दिवसही जवळपास अकरा तासांचा असतो. एवढा फरक शरीराला जाणवणारच. आभाळ भरलेले असले तरी बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी प्रखर असतो, म्हणून दुपारी बारा ते दोनमध्ये अर्धा तास तरी चालून या. ऑक्टोबर ते मार्च या काळात इथल्या उन्हातून त्वचेला पुरेसे ड जीवनसत्त्व तयार करता येत नाही आणि सावळ्या त्वचेला ते अधिकच जड जाते, तेव्हा नेहमीच्या डॉक्टरांना विचारून गोळ्या घ्याव्यात की नाही ते ठरवा. रडू येणे, झोप न सुधारणे, कशातच मन न लागणे असे दोन आठवड्यांहून अधिक चालले, तर तेही त्याच डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. इथे हिवाळ्यात अशी तक्रार घेऊन येणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही.

प्रश्न : पतींच्या सहकाऱ्याने आम्हाला २५ डिसेंबरला दुपारी जेवायला बोलावले आहे. आम्ही शाकाहारी आहोत. ते आधी सांगणे असभ्य दिसेल का, आणि सोबत काय न्यावे?
— एक वाचक, म्युनिक

उत्तर : आजच सांगा. २५ तारखेला बहुधा भाजलेले हंस किंवा बदक, लाल कोबी आणि बटाट्याचे गोळे असा बेत असतो, त्याची खरेदी काही दिवस आधी होते आणि कोबीतही पुष्कळदा हंसाची चरबी घालतात; त्यामुळे ताटावर बसल्यावर नकार देण्यापेक्षा आधी सांगितलेले यजमानांना बरे वाटते. फुले किंवा घरी केलेली मिठाई पुरे. आमंत्रण २५ चे आहे, म्हणजे घरच्यांच्या सुट्टीत तुम्हाला जागा दिली आहे, तेव्हा दिलेल्या वेळेवर पोहोचा. बूट बहुतेक दारातच काढावे लागतील. जाड लोकरीचे मोजे घालून जा.