लिंकन आणि रेल्वेचं वकीलपत्र : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अब्राहम लिंकन गोरगरिबांचे वकील, असंच शाळेत शिकलो. ते रेल्वे कंपन्यांचे खटले चालवत, हे खरं का?

उत्तर : खरं आहे, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. स्प्रिंगफील्डचे लिंकन न्यायाधीशांबरोबर इलिनॉय राज्यातल्या गावोगावच्या कोर्टांत फिरत. कर्जवसुली, घटस्फोट, खून, जे समोर येईल ते घेत. 1850 नंतर तिथे रूळ पडू लागले, तसे रेल्वेचे दावेही आले. कधी ते कंपनीकडून उभे राहिले, कधी कंपनीविरुद्ध.

1853चं त्यांचं एक पत्र मला फार बोलकं वाटतं. इलिनॉय सेंट्रल या रेल्वे कंपनीकडून काउंटीला, म्हणजे तिथल्या जिल्ह्याला, कर घेता येईल का, हा वाद होता. त्याबाबत शँपेन काउंटीने लिंकन यांच्याशी आधी बोलणं केलं होतं. कंपनीचं बोलावणं आल्यावर त्यांनी काउंटीच्या कारकुनाला कळवलं की पहिला हक्क तुमचा, फक्त फी कंपनीच्या आसपास द्यायला हवी. काउंटीकडून ते जमलं नाही, तेव्हा त्यांनी कंपनीचं वकीलपत्र घेतलं. शब्द पाळणारा, पण पोटापाण्याचा हिशेब उघडपणे मांडणारा माणूस या पत्रात दिसतो.

प्रश्न : त्याच कंपनीवर त्यांनी फीसाठी दावा लावला होता ना?

उत्तर : हो. कराच्या त्या वादात 1856 मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. लिंकन यांनी 5,000 डॉलर मागितले, कंपनीने दिले नाहीत. मग 1857 मध्ये ब्लूमिंग्टनच्या कोर्टात त्यांनी दावा लावला. आधी मिळालेले पैसे वजा करून 4,800 डॉलरचा निकाल लागला. निम्मे त्यांनी भागीदार हर्नडन यांना दिले. कंपनीने पुढेही त्यांनाच कामं दिली, म्हणजे राग धरला नाही.

प्रश्न : मिसिसिपीवरच्या पुलाचा खटला काय होता?

उत्तर : रॉक आयलंड आणि डॅव्हनपोर्ट यांच्यामधला हा मिसिसिपीवरचा पहिला रेल्वेपूल. 6 मे 1856 रोजी ‘एफी ॲफ्टन’ ही आगबोट त्याच्या खांबावर आदळून पेटली, पुलाचा एक गाळाही जळाला. बोटमालकांनी पुलाच्या कंपनीवर दावा लावला. कंपनीकडून उभे राहिलेले लिंकन स्वतः पुलावर जाऊन प्रवाहाचा वेग आणि दिशा समजून घेऊन आले आणि शिकागोत ज्युरीपुढे तेच मांडत राहिले. नदीतून उत्तर-दक्षिण जाण्याचा लोकांना जेवढा हक्क, तेवढाच ती ओलांडून पूर्व-पश्चिम जाण्याचा, हा त्यांचा मुद्दा होता. ज्युरीचं एकमत झालं नाही, पण पूल टिकला.

माझ्या मते हा त्यांच्या राजकारणाचाच मुद्दा होता. तरुणपणी व्हिग पक्षाचे आमदार असताना रस्ते, कालवे, रूळ यांवर राज्याने खर्च करावा म्हणून ते झटले होते. 1837 मधल्या त्या योजनेपायी इलिनॉय कर्जात बुडालं, तरी त्यांचा विश्वास ढळला नाही.

प्रश्न : राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांनी रेल्वेसाठी काय केलं?

उत्तर : यादवी युद्ध ऐन भरात असताना, 1 जुलै 1862 रोजी, पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत रेल्वे नेण्यासाठीच्या पॅसिफिक रेल्वे कायद्यावर त्यांनी सही केली. कंपन्यांना सरकारी जमीन मिळाली, शिवाय प्रदेशाच्या अवघडपणानुसार मैलामागे 16,000 ते 48,000 डॉलरचे रोखे. कायद्याने दोन रुळांमधलं अंतरही त्यांनाच ठरवायला सांगितलं होतं. त्यांनी पाच फूट ठरवलं, काँग्रेसने 1863 मध्ये ते बदलून चार फूट साडेआठ इंच केलं. 1869 मध्ये मार्ग पुरा झाला तो त्याच मापाचा, लिंकन यांची हत्या होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.