३.१ जीपीए आणि मेडिकलचा अर्ज: यंदाचा जून सोडून द्या

ताई, सप्रेम नमस्कार.

न्यू जर्सीतल्या एडिसनहून आलेलं तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मुलगा बावीस वर्षांचा, येत्या मे महिन्यात बायॉलॉजीची पदवी हातात पडेल, जीपीए (म्हणजे पदवीच्या ग्रेडची सरासरी, ४पैकी) ३.१, एमकॅट (मेडिकलची प्रवेशपरीक्षा) ५०१. त्याच्या बाबांचं म्हणणं असं की या जूनमध्येच चाळीस कॉलेजांना अर्ज टाकावेत, कुठे ना कुठे लागेलच. नाही लागला तर कॅरिबियन बेटांवरचं मेडिकल कॉलेज, तेही नाही तर पुण्याला एनआरआय कोटा. मंडळाच्या कार्यक्रमात कोणी ‘मुलगा सध्या काय करतो?’ असं विचारलं की तुमचा जीव गोळा होतो, हेही तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत.

माझं मत आधीच सांगते. या जूनमध्ये अर्ज करू नका. दार बंद झालंय म्हणून नव्हे. आज त्याच्याकडे दाखवायला जे आहे, त्यावर ते उघडणं फार अवघड आहे म्हणून.

अमेरिकेतल्या एमडी कॉलेजांत (इकडे एमडी ही डॉक्टरकीची पहिलीच पदवी) अलीकडच्या वर्षांत प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए ३.८च्या आसपास आणि एमकॅट ५१२च्या आसपास असतो. सरासरी म्हणजे त्याखालीही मुलं असतातच. पण जीपीए आणि एमकॅट दोन्ही खाली असले, तर अर्ज वाचणाऱ्याने कशाच्या भरवशावर पुढे जायचं? शिवाय पहिला अर्ज फुकट गेला की पुन्हा अर्ज करताना बरीच कॉलेजं ‘मागच्या वेळेपासून काय बदललं?’ असं विचारतात. चाळीस अर्जांचे पैसे जातील ते वेगळेच.

आता जीपीएचं गणित. १२० क्रेडिट आणि ३.१. समजा, यापुढे त्याने ३० क्रेडिटचे विषय घेतले आणि सगळ्यांत ‘ए’ मिळवला. तरी आकडा जाईल ३.२८वर. वर्षभर रात्रीचा दिवस करून एवढंच! इथे पुष्कळ पालक हात टेकतात. पण निवड समितीसमोर नुसता एक आकडा नसतो. ॲमकासच्या, म्हणजे एमडी कॉलेजांच्या सामाईक अर्जात प्रत्येक वर्षाचा जीपीए वेगळा दिसतो. बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांचा वेगळा, बाकी विषयांचा वेगळा. पदवीनंतर घेतलेल्या पदवीस्तरावरच्या विषयांचीही स्वतंत्र ओळ असते. त्या ओळीत ४.० दिसला, तर ‘हा मुलगा आज काय करू शकतो’ याचं उत्तर समितीला मिळतं. अशा अभ्यासक्रमाला इकडे पोस्ट-बॅक म्हणतात. त्यासाठी नामांकित महागडा कार्यक्रमच हवा असं नाही. घराजवळच्या चार वर्षांच्या विद्यापीठात सुटे विषय घेतले तरी चालतं.

जुने विषय पुन्हा द्यावेत का, हे तुम्ही विचारलंत. ऑरगॅनिक केमिस्ट्रीतला ‘सी’ तसाच राहू द्या. ॲमकास दोन्ही वेळचे ग्रेड मोजतं, जुना पुसला जात नाही. डीओ (ऑस्टिओपॅथिक, एमडीसारखीच डॉक्टरकीची पदवी) कॉलेजांच्या अर्जात पूर्वी नवा ग्रेड जुन्याची जागा घ्यायचा, ती सवलत २०१७मध्ये गेली. मात्र ‘सी’च्याही खाली काही असेल तर ते पुन्हा द्यावं लागेल, कारण बरीच कॉलेजं आवश्यक विषयांत निदान ‘सी’ मागतात. बाकी वेळ फिजिऑलॉजी, जेनेटिक्स, इम्युनॉलॉजी अशा वरच्या विषयांना द्यावा.

एक वर्षाचे खास मास्टर्स कार्यक्रमही असतात. काही ठिकाणी त्यातली मुलं मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर तेच विषय शिकतात. पण मास्टर्सचे ग्रेड पदवीच्या जीपीएत मिसळत नाहीत, फी डोळे पांढरे करणारी असते आणि तिथेही ‘बी-मायनस’ आले तर पुढे बोलायला फारसं काही उरत नाही. म्हणून आधी दोन सत्रं पोस्ट-बॅक, ते जमलं तरच मास्टर्सचा विचार.

ताई, तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर मी थांबले. दुसऱ्या वर्षाच्या वसंत सत्रात बाबांची बायपास झाली आणि तो दर आठवड्याला घरी यायचा, हे तुम्ही जाता जाता लिहून टाकलंत. आपल्याकडे घरचं दुखणं चारचौघांत सांगायचं नसतं, हे मला कळतं. पण अर्जात हे साध्या शब्दांत, दोन-तीन वाक्यांत यायला हवं. आता याच्यापुढचं जरा कटू आहे. बायपासने ते एक सत्र समजतं. तिसऱ्या वर्षीचा बायोकेमिस्ट्रीतला ‘सी-प्लस’ समजत नाही. ‘हुशार आहे पण आळशी आहे’ असं तुम्ही म्हणता. मला तसं वाटत नाही. नोट्स पुन्हा पुन्हा वाचणं म्हणजेच अभ्यास, असं शाळेत अंगवळणी पडलेली कितीतरी मुलं कॉलेजात अशीच अडकतात. तो अभ्यास नेमका कसा करतो, हे आधी पाहा. ते न बदलता पोस्ट-बॅकची फी भरू नका.

एमकॅटचंही तेच. ४७२ ते ५२८ अशी ती मोजपट्टी आहे आणि ५०० म्हणजे बरोबर मधोमध. ३.१वाल्या मुलाला इथे प्रवेश मिळालेल्यांच्या सरासरीच्या वर जावंच लागतं. परीक्षा आयुष्यात सातदाच देता येते आणि ॲमकासमध्ये प्रत्येक वेळचे गुण कॉलेजला दिसतात, त्यामुळे ‘सहज देऊन बघू’ हे आता बंद. सराव परीक्षांत सलग हवे तेवढे गुण आल्याशिवाय तारीख घेऊ नये.

डीओबद्दल तुमच्या घरात नाराजी आहे, असं दिसतं. ती मनातून काढा. डीओ डॉक्टरांना पन्नासही राज्यांत पूर्ण परवाना मिळतो, आणि २०२०पासून एमडी-डीओंच्या रेसिडेन्सीची (पदवीनंतरच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणाची) मान्यता एकाच व्यवस्थेखाली आली आहे. काही विशेष शाखांत डीओंना जास्त झगडावं लागतं, हे खरं. पण तिथली सरासरी साधारण ३.६ आणि ५०४, म्हणजे तुमच्या मुलाच्या पुष्कळ जवळची. स्ट्रॅटफर्डचं रोवन हे डीओ कॉलेज तर तुमच्याच राज्यात आहे.

कॅरिबियन कॉलेजांना एकच प्रश्न विचारा: पहिल्या वर्षी बसलेल्या शंभरांपैकी किती जण रेसिडेन्सीपर्यंत पोचले? शेवटच्या वर्षाला पोचलेल्यांतून काढलेला आकडा स्वीकारू नका. आणि पुणं? एनआरआय कोट्यालाही ‘नीट’ परीक्षा लागतेच. साडेचार वर्षं आणि वर्षाची इंटर्नशिप झाल्यावर अमेरिकेत परतायचं तर यूएसएमएलई ही परवान्याची परीक्षा, आणि रेसिडेन्सीसाठी परदेशी पदवीधरांच्या रांगेत उभं राहणं. त्याला भारतातच डॉक्टरकी करायची असेल तर जरूर जावं; अमेरिकेत परतण्याची पळवाट म्हणून नको.

दरम्यान त्याने रुग्णांच्या जवळ काम करावं. ओळखीच्या डॉक्टरकाकांमागे चार दिवस उभं राहणं पुरत नाही. ईएमटी (रुग्णवाहिकेवरचा तातडीचा मदतनीस), स्क्राइब (डॉक्टरांच्या नोंदी लिहिणारा), नर्सिंग होममधला मदतनीस, यांतलं काहीही चालेल, पण महिनोन्‌महिने. आईवडिलांना हे कमीपणाचं वाटतं. मला मात्र इथेच मुलांचा निर्णय पक्का होताना दिसतो, कधी डॉक्टर व्हायचा आणि कधी न व्हायचाही.

काम आणि अभ्यास एकत्र धरला तर पुढच्या वर्षीचा जूनही मला घाईचा वाटतो. त्याच्या पुढच्या वर्षीचा जून धरा. तेव्हा मात्र अर्ज सुरुवातीलाच जायला हवा, कारण बहुतेक ठिकाणी अर्ज येतील तसे वाचले जातात.

एक गोष्ट राहिली. तुमच्या पत्रात त्याच्या बाबांचं म्हणणं आहे, तुमचं आहे. त्याचं कुठेच नाही. त्याला सगळ्या सत्रांचं ट्रान्सक्रिप्ट घेऊन मला स्वतः लिहायला सांगा, मराठीत नाही जमलं तर इंग्रजीत. बाबांच्या आजारपणाबद्दल आणि त्या ‘सी-प्लस’बद्दल त्याला काय वाटतं, ते मला त्याच्याकडून वाचायचं आहे.