वाचकांचे प्रश्न : टेलिफोनच्या तारेवरचे इंटरनेट आणि घरचा मोडेम

फायबरची जोडणी शहरांतून वेगाने पसरत असली तरी राज्यातील अनेक तालुक्यांच्या गावी आणि वाड्यावस्त्यांवर इंटरनेट अजून टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरूनच घरात येते. अशा वाचकांची पत्रे आमच्याकडे सातत्याने येत असतात. त्यांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे या वेळी एकत्र देत आहोत.

प्रश्न : आमच्याकडे बीएसएनएलच्या लँडलाइनवर ब्रॉडबँड आहे. जुना मोडेम बंद पडल्यामुळे नवा घ्यायचा आहे. दुकानदाराने चार अँटेना असलेला एक राउटर दाखवून ‘रेंज वाढेल आणि स्पीडही वाढेल’ असे सांगितले. तो घ्यावा का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : पैसे देण्यापूर्वी तो राउटर उलटा करून त्याची मागची बाजू पाहावी. टेलिफोनची छोटी पिन बसेल असे अरुंद छिद्र तेथे असेल आणि त्यावर ‘डीएसएल’ (टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट आणण्याचे तंत्र) किंवा ‘लाइन’ असे लिहिलेले असेल, तरच तो आपल्या कामाचा आहे. तसे छिद्र नसून सगळी रुंद छिद्रेच असतील आणि त्यांतल्या एकावर ‘वॅन’ असे लिहिलेले असेल, तर तो नुसता राउटर आहे; तारेवरून येणारा संकेत उलगडण्याची सोयच त्याच्यात नसते. फायबर आणि केबलची चलती असल्यामुळे दुकानांत आता हेच राउटर अधिक असतात आणि दुकानदारही पुष्कळदा न विचारता तेच पुढे करतो. म्हणून दुकानात ‘वायफाय राउटर द्या’ असे न म्हणता ‘डीएसएल मोडेम राउटर द्या’ असे स्पष्ट म्हणावे.

मात्र त्याही आधी एक चौकशी आवश्यक आहे. आपल्या भागात फायबर आले आहे का, नसल्यास येत्या काही महिन्यांत येणार आहे का, हे टेलिफोन कार्यालयात विचारावे. फायबरसाठी ओएनटी नावाचे वेगळेच उपकरण लागते आणि तेथे डीएसएल मोडेमचा काहीही उपयोग होत नाही. फायबर दाराशी आलेले असताना तांब्याच्या तारेसाठी महागडा मोडेम घेणे आम्हांला शहाणपणाचे वाटत नाही. तेवढ्या दिवसांसाठी फायबर घेतलेल्या एखाद्या शेजाऱ्याकडे पडून असलेला जुना मोडेम मागून आणला तरी भागते.

आता वेगाविषयी. तारेवरून किती वेग मिळेल हे अँटेनांवर नव्हे, तर एक्स्चेंजपासून आपल्या घरापर्यंतच्या तारेच्या लांबीवर आणि तिच्या अवस्थेवर ठरते. तांब्याच्या तारेवर सर्रास वापरले जाणारे एडीएसएल टू प्लस हे तंत्र कागदोपत्री सेकंदाला २४ मेगाबिटपर्यंत जाते; परंतु तो वेग एक्स्चेंजच्या अगदी जवळ राहणाऱ्यांसाठीच असतो. तीन किलोमीटरच्या आसपास तो निम्म्याहून कमी होतो आणि पाच किलोमीटरवर एक-दोन मेगाबिट मिळाले तरी समाधान मानावे लागते. व्हीडीएसएल हे त्यापुढचे तंत्र याहून बरेच वेगवान असले तरी त्याचा खरा लाभ पहिल्या एक किलोमीटरच्या आतच मिळतो, शिवाय त्यासाठी एक्स्चेंजमध्येही तशी यंत्रणा बसवलेली असावी लागते. ती आपल्याकडे नसेल तर व्हीडीएसएल मोडेम घेऊनही वेगात फरक पडणार नाही. बहुतेक व्हीडीएसएल मोडेम एडीएसएलवरही चालतात, तरी खोक्यावर तसा उल्लेख असल्याची खात्री करून घ्यावी.

याच कारणाने वायफायच्या मोठमोठ्या आकड्यांनी दिपून जाऊ नये. तारेतूनच आठ-दहा मेगाबिट येत असताना खोक्यावरचे तीनशे आणि बाराशे हे आकडे घरातल्या घरात एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर फाइल पाठवण्यापुरतेच उरतात. चार अँटेनांनी फार तर मागच्या खोलीत थोडी बरी रेंज मिळेल. आपले घर जांभ्या दगडाचे असेल तर तेही खात्रीने सांगता येत नाही. तेथे मोडेम खिडकीच्या कोपऱ्यातून काढून घराच्या मध्यावर, उंच फळीवर ठेवण्याचा उपयोग अधिक होतो.

प्रश्न : फोन वाजला किंवा उचलला की आमचे इंटरनेट बंद पडते, आणि पावसाळ्यात तर दिवसातून अनेकदा तुटते. लाइनमन म्हणतात की मोडेम बदला. बदलावा का?
— एक वाचक, वाई

उत्तर : एवढ्या माहितीवर तरी मोडेमला दोष देता येत नाही. आपण वर्णन केलेली दोन्ही लक्षणे तारेकडे किंवा जोडणीकडे बोट दाखवतात.

एकाच तारेवरून बोलणे आणि इंटरनेट दोन्ही येतात ते त्यांच्या वारंवारता वेगळ्या असल्यामुळे. बोलण्याचा आवाज सुमारे चार किलोहर्ट्झच्या खाली असतो, तर एडीएसएलचे संकेत पंचवीस किलोहर्ट्झच्या वर सुरू होतात. या दोघांना वेगळे करणारी छोटी डबी म्हणजे स्प्लिटर. तिला तीन छिद्रे असतात : बाहेरून येणारी तार ‘लाइन’मध्ये, टेलिफोन ‘फोन’मध्ये आणि मोडेम ‘मोडेम’ किंवा ‘एडीएसएल’ लिहिलेल्या छिद्रात. पुष्कळ घरांत स्प्लिटर व्यवस्थित लावलेला असतो, परंतु त्याच्या आधीच तारेला फाटा फोडून आतल्या खोलीत दुसरा फोन जोडलेला असतो. त्या दुसऱ्या फोनला फिल्टर नसतो आणि तो वाजला की सगळा गोंधळ होतो. नंबर दाखवणारी जुनी कॉलर आयडीची पेटी अशीच मध्ये जोडलेली असली तरी हाच त्रास होतो. आपल्या घरात असा एखादा फाटा आहे का, ते प्रथम पाहावे.

यानंतरची परीक्षा सोपी आहे आणि ती लाइनमन येण्यापूर्वी आपण स्वतः करू शकता. बाहेरची तार घरात जेथे प्रथम शिरते, तेथे घरातील सगळे वायरिंग सोडवून मोडेम थेट जोडावा. मोडेमच्या माहितीच्या पानावर (ते कसे उघडायचे ते पुढच्या उत्तरात दिले आहे), सामान्यतः ‘स्टेटस’ किंवा ‘डीएसएल’ या विभागात, दोन आकडे दिसतात. पहिला ‘एसएनआर मार्जिन’, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत संकेत किती वरचढ आहे त्याचे माप. तो सहा डेसिबलच्या खाली असेल तर जोडणी तुटत राहते. दहाच्या वर असेल तर सहसा निश्चिंत राहावे. दुसरा आकडा ‘अ‍ॅटेन्युएशन’, म्हणजे वाटेत संकेत किती क्षीण झाला ते. एडीएसएलमध्ये ढोबळमानाने चौदा डेसिबलला एक किलोमीटर असा हिशेब धरतात. चाळीसच्या आसपास आकडा असेल तर एक्स्चेंज तारेच्या मार्गाने सुमारे तीन किलोमीटरवर आहे असे समजावे. रस्त्याने ते अंतर कमी वाटले तरी तार बऱ्याचदा वळसे घेऊनच येते.

हे आकडे दोन्ही ठिकाणी, म्हणजे थेट जोडणीवर आणि नेहमीच्या जागी, लिहून ठेवावेत. थेट जोडल्यावर एसएनआर लक्षणीय सुधारला तर दोष घरातल्या वायरिंगमध्ये आहे आणि त्यासाठी इलेक्ट्रिशियन पुरेसा आहे. सुधारला नाही, तर दोष बहुधा बाहेर, खांबावरच्या डब्यात किंवा एखाद्या उघड्या जोडात आहे. तार पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेल्या जोडात पावसाचे पाणी जाते, तांब्यावर हिरवा गंज चढतो आणि जोडाचा विद्युतरोध स्थिर राहत नाही. फोन उचलल्यावर किंवा घंटी वाजताना तारेतला प्रवाह बदलतो, त्यासोबत गंजलेल्या जोडाचा रोधही बदलतो आणि मोडेमची पकड सुटते. फोनवर खरखर ऐकू येत असेल तर हे निदान जवळपास पक्के समजावे. तक्रार नोंदवताना ‘नेट स्लो आहे’ असे न सांगता ‘फोनवर खरखर आहे, एसएनआर अमुक आहे’ असे सांगावे. खरखरीची तक्रार लाइनमनला तारेपाशीच घेऊन जाते.

प्रश्न : मोडेम मी स्वतःच विकत आणला आहे, पण तो सुरू करून द्यायला कोणी येत नाही. त्यात नेमके काय भरायचे असते?
— एक निवृत्त शिक्षक, जव्हार

उत्तर : वायफायच्या नादी न लागता मोडेम आधी केबलने संगणकाला जोडावा. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत १९२.१६८.१.१ हा पत्ता द्यावा (आकडे अर्थातच इंग्रजी कळफलकावरून). काही मोडेमचा पत्ता वेगळा असतो. तो आणि प्रवेशाचे नाव व पासवर्ड मोडेमच्या बुडाशी चिकटवलेल्या कागदावर सापडतात.

आत गेल्यावर एडीएसएलसाठी व्हीपीआय आणि व्हीसीआय असे दोन आकडे विचारले जातात. बीएसएनएलसाठी ते अनुक्रमे ० आणि ३५ आहेत. जोडणीचा प्रकार ‘पीपीपीओई’ आणि त्याखालचा पर्याय ‘एलएलसी’ निवडावा. त्यानंतर कंपनीने जोडणी देताना दिलेले वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड भरावा. हा पासवर्ड मोडेमच्या पासवर्डहून निराळा आहे. या दोहोंची गल्लत होण्याचे प्रमाण इतके आहे की, दोन्ही कागदावर वेगवेगळ्या शीर्षकांखाली लिहून ठेवणेच बरे. शेवटी ‘सेव्ह’ करून मोडेम एकदा बंद-चालू करावा.

नंतर दिवे पाहावेत. ‘डीएसएल’चा दिवा आधी लुकलुकतो आणि एक-दोन मिनिटांत स्थिर होतो, स्थिर झाला म्हणजे एक्स्चेंजशी सूत जुळले. तो लुकलुकतच राहिला तर आपण भरलेल्या नावात किंवा आकड्यांत चूक शोधू नये, कारण त्यांचा या टप्प्याशी संबंधच येत नाही. तेव्हा तार, पिन आणि स्प्लिटर पाहावेत. डीएसएलचा दिवा स्थिर आहे पण ‘इंटरनेट’चा लागत नाही किंवा लाल लागतो, असे असेल तर मात्र नाव, पासवर्ड किंवा ते दोन आकडे चुकलेले असतात.

सगळे सुरळीत झाल्यावर वेग मोजून निराश होऊ नये. एडीएसएलवर माहिती ५३ बाइटच्या तुकड्यांनी जाते आणि प्रत्येक तुकड्यातले ५ बाइट पत्त्यातच खर्च होतात, त्यामुळे मोडेमच्या पानावर आठ मेगाबिट दिसले तरी हातात सातच्या आसपास येतात. शिवाय फाइल उतरवताना दिसणारा आकडा मेगाबाइटचा असतो, म्हणजे आठाने भागून.

प्रश्न : माझ्या मुलाने जर्मनीहून येताना तेथील त्याचा उत्तम प्रतीचा मोडेम आणला. येथे डीएसएलचा दिवाच स्थिर होत नाही. काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मोडेम नादुरुस्त नाही, तो दुसऱ्या पद्धतीचा आहे. जर्मनीत डीएसएल सुरू झाले तेव्हा तेथे आयएसडीएन, म्हणजे डिजिटल पद्धतीचे टेलिफोन पुष्कळ होते. त्यांना जागा ठेवण्यासाठी घराकडून एक्स्चेंजकडे जाणारे संकेत १३८ किलोहर्ट्झच्या वर नेण्यात आले. या पद्धतीला ‘अ‍ॅनेक्स बी’ म्हणतात. आपल्याकडे ‘अ‍ॅनेक्स ए’ आहे आणि तिच्यात हेच संकेत २५ ते १३८ किलोहर्ट्झमध्ये जातात. मोडेमच्या मांडणीत अ‍ॅनेक्स ए निवडण्याचा पर्याय असल्यास तो निवडून पाहावा. नसेल, तर तार त्याला न लावता येथील साधा मोडेम ‘ब्रिज’ पद्धतीने, म्हणजे तारेवरचा संकेत उलगडून नुसता पुढे देण्यापुरता, पुढे ठेवावा आणि जर्मन उपकरण त्यामागे राउटर म्हणून वापरावे. बहुतेक चांगल्या उपकरणांत ही सोय असते.

प्रश्न : मोडेमचा मूळ पासवर्ड बदललाच पाहिजे का? घरात आम्ही दोघेच आहोत.
— एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : होय, पहिल्याच दिवशी. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ग्राहकांचे अनेक मोडेम एका घातक प्रणालीच्या हल्ल्यात एकाएकी निकामी झाले. कारखान्यातून येताना असतो तोच ‘अ‍ॅडमिन’ पासवर्ड ज्यांनी ठेवला होता, त्यांच्या मोडेममध्ये ती इंटरनेटवरून थेट शिरली. घरात किती माणसे आहेत याच्याशी त्याचा संबंध नव्हता. आपण मोडेमचा पासवर्ड बदलावा, ‘रिमोट मॅनेजमेंट’ (बाहेरून इंटरनेटवरून मोडेमची मांडणी बदलण्याची सोय) बंद करावे, वायफायला ‘डब्ल्यूपीए टू’ किंवा त्यापुढची सुरक्षा निवडावी आणि ‘डब्ल्यूपीएस’ (पासवर्ड न टाकता वायफाय जोडण्याची सोय) बंद ठेवावे.

प्रश्न : वळवाच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा मोडेमचे बटण बंद करतो, तरीही दोन वर्षांत दुसरा मोडेम जळाला.
— एक वाचक, लातूर

उत्तर : बटणाने फक्त विजेचा पुरवठा तुटतो, टेलिफोनची तार जोडलेलीच राहते आणि खांबाखांबांवरून आलेल्या त्या लांब तारेतूनच दाब आत येतो. आभाळ भरून आले की अडॅप्टर आणि टेलिफोनची पिन दोन्ही उपसून ठेवावीत. संगणकाची केबलही काढावी, अन्यथा मोडेमबरोबर संगणकाचेही नुकसान होण्याची भीती असते. टेलिफोनच्या तारेसाठीही छिद्र असलेले सर्ज प्रोटेक्टर मिळतात, परंतु घराचे अर्थिंग चांगले असेल तरच त्यांचा उपयोग होतो.

जळालेला मोडेम एकदा तपासून पाहावा. पुष्कळदा केवळ तारेकडचा भाग गेलेला असतो : वायफाय दिसते, पण डीएसएलचा दिवा कधीच लागत नाही. असा मोडेम टाकून देऊ नये. त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करावा, त्यातील ‘डीएचसीपी’ (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटण्याची सोय) बंद करावे आणि नव्या मोडेमच्या एका रुंद छिद्रातून केबल आणून याच्या तशाच छिद्रात जोडावी. मागच्या खोलीत रेंज पोहोचवण्यासाठी वेगळे उपकरण मग घ्यावे लागत नाही.