एरर शेवटच्या ओळीवर, चूक मात्र वर

प्रश्न : पाच विषयांच्या गुणांची बेरीज करणारा जावा प्रोग्रॅम लिहिला. ‘रीच्ड एंड ऑफ फाइल व्हाइल पार्सिंग’ अशी एरर शेवटच्या ओळीवर येते. ती ओळ तर बरोबर आहे!
— एक विद्यार्थिनी, दादर

उत्तर : ओळ बरोबरच आहे. वर कुठेतरी उघडलेला महिरपी कंस बंद झालेला नाही. कंपायलर (तुमचा कोड वाचून तपासणारा प्रोग्रॅम) बंद कंसाची वाट बघत फाइल संपेपर्यंत जातो आणि तिथे अडतो.

कृपा करून शेवटी एक } टाकून मोकळ्या होऊ नका. एरर जाईल, पण सुटलेला कंस ‘फॉर’ लूपचा (तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या भागाचा) असेल, तर बेरीज छापणारी ओळ लूपच्या आतच राहील आणि एकदाऐवजी ५ वेळा छापली जाईल. हे जास्त वाईट, कारण आता कंपायलरही गप्प.

शेवटच्या } शेजारी कर्सर ठेवा; बहुतेक एडिटर त्याची जोडी उजळून दाखवतात. ती क्लासची, म्हणजे सर्वांत बाहेरच्या भागाची असायला हवी. ‘मेन’ची (प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या मेथडची, म्हणजे क्लासच्या आतल्या भागाची) निघाली, तर एक कंस कमी आहे. मग त्याच्या वरचा } तपासा. ‘मेन’चा समजत होता तो ‘फॉर’चा निघाला, की सापडलं! लूपमधलं शेवटचं वाक्य संपतं तिथेच } घाला.

‘मेन’नंतर दुसरी मेथड असेल, तर त्या ओळीवर बहुधा ‘इलिगल स्टार्ट ऑफ एक्स्प्रेशन’ येतं. तेव्हाही त्या ओळीच्या वरच शोधा.