दोन फोल्डरमधला फरक दाखवणारं कमांड लाइन टूल पायथनमध्ये कसं लिहायचं?

लॅपटॉपवरचा फोटोंचा फोल्डर आणि हार्ड डिस्कवरचा त्याचा बॅकअप यात काय फरक आहे ते सांगणारं टूल लिहायचंय, असं तुम्ही विचारलंय. फक्त आज रात्रीपुरतं काम असेल तर लिहूच नका, लिनक्स किंवा मॅकवर डिफ कमांडला आर आणि क्यू हे दोन फ्लॅग द्या, कुठली फाइल कुठे नाही आणि कुठली वेगळी आहे ते ओळीने छापून देतो, विषय संपला. पण शिकायला म्हणून लिहायचं असेल तर जरूर लिहा, मी पण असंच लिहिलं होतं आणि अजून वापरतो.

फोल्डर फिरणं सोप्पं आहे. ओएस मॉड्यूलमधलं वॉक घ्या, दोन्हीकडचे रिलेटिव्ह पाथ (म्हणजे मुख्य फोल्डरच्या आतला पत्ता) दोन सेटमध्ये टाका, वजाबाकी केली की 'फक्त इकडे' आणि 'फक्त तिकडे' मिळालं. अर्ध्या तासाचं काम. खरी गोम पुढेच आहे, दोन फाइली 'सेम' कधी म्हणायच्या?

पहिल्या व्हर्जनमध्ये मी साइझ आणि मॉडिफाइड टाइम एवढंच बघत होतो. एकदा फॅट ३२ (फाइली साठवायची जुनी पद्धत) वाला पेन ड्राइव्ह लावला तर झाडून सगळे फोटो वेगळे! एक तर फॅटमध्ये हा टाइम २ सेकंदांच्या टप्प्यात साठतो, वर तो लोकल टाइम असतो, म्हणजे इथे भारतातला, आणि माझ्या मशीनचा टाइमझोन होता यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, त्यामुळे प्रत्येक फाइल बरोब्बर साडेपाच तास पुढे. तेव्हापासून टाइमवर भरवसा नाही. उलटंही होतं बरं का, डिस्क खराब होऊन फोटो अर्धा करडा झालेला असतो पण साइझ आणि तारीख जशीच्या तशी. पायथनचं तयार फाइलसीएमपी मॉड्यूल इथेच फसवतं, डिफॉल्टला साइझ आणि टाइम जुळले की ते फाइल उघडूनही बघत नाही, म्हणून त्याचा शॅलो (वरवर बघ) हा ऑप्शन फॉल्स करा (त्यातल्या फोल्डर जुळवणाऱ्या डिरसीएमपीला हा ऑप्शन पायथन ३.१३ पासून आहे).

मी आता साइझ आधी बघतो, वेगळी असेल तर तिथेच निकाल, सेम असेल तर दोन्ही फाइली तुकड्या-तुकड्याने वाचून बाइट जुळवतो. हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला छोटा ठसा) हवाच असं नाही, दोन्ही फाइली समोर असताना पहिल्या फरकाला थांबता येतं, हॅशला पूर्ण फाइल वाचावी लागते. दुसरी बाजू सर्व्हरवर असेल किंवा यादी पुढच्या वेळेसाठी जपून ठेवायची असेल तेव्हा हॅश घ्या.

आता खास आपल्या लोकांसाठीची भानगड. मित्राच्या मॅकवरच्या जुन्या एचएफएस प्लस (मॅकची जुनी फाइल सिस्टिम) डिस्कवरून लग्नाचे फोटो आणले, टूल चालवलं तर एका फोल्डरच्या नावाबद्दल आउटपुट असं:

फक्त इकडे: दुसऱ्या दिवशीचे
फक्त तिकडे: दुसऱ्या दिवशीचे

डोळे फाडून बघितलं तरी फरक दिसेना, तासभर गेला. मग नावाचे कोडपॉइंट (प्रत्येक अक्षराचा युनिकोड नंबर) छापले तेव्हा कळलं, आपला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एक अख्खं अक्षर किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता, आणि एचएफएस प्लस नाव साठवताना ते सुटं करून ठेवतं. उपाय एका ओळीचा, जुळवण्याआधी दोन्ही नावं पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमधल्या नॉर्मलाइझमधून एनएफसी (सुटे भाग जोडलेलं रूप) करून घ्या. फाइल उघडताना मात्र मूळ नावच वापरा, त्यासाठी बदललेल्या नावावरून मूळ नाव देणारी डिक्शनरी ठेवा. आणि कुणी साध्या र ला हलंत आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) लावून 'ऱ्या' टाइप केलं असेल तर एनएफसी पण काही करत नाही, ते हातानेच बदलावं लागतं.

बाकी किरकोळ, विंडोज आणि मॅक आपोआप बनवतात त्या थंब्स डॉट डीबी आणि डॉट डीएस स्टोअर फाइली वगळा, एक्झिट कोड (टूल संपताना परत देतो तो आकडा) डिफसारखेच ठेवा म्हणजे सेम असेल तर ०, फरक असेल तर १, गडबड झाली तर २, स्क्रिप्टमध्ये वापरता येतं. आणि 'जास्तीच्या फाइली डिलीट कर' असा फ्लॅग टाकायचा मोह होईल, निदान नावांचं ते प्रकरण नीट टेस्ट होईपर्यंत टाकू नका, माझ्या त्या आउटपुटवर तो चालला असता तर दुसऱ्या दिवशीचे सगळे फोटो 'जास्तीचे' म्हणून उडाले असते.