थिरकवाँ खाँसाहेबांचा तबला ऐकायचा कसा?

‘हल्लीचे वादक कितीतरी जलद वाजवतात, मग अहमदजान थिरकवाँ एवढे थोर कसे?’ असा तुमचा प्रश्न आहे. जलद वाजवतात, खरंय. पण खाँसाहेबांकडे निकास ऐकायचा, म्हणजे प्रत्येक अक्षर बोटांतून किती स्वच्छ निघतं ते.

दिल्ली घराण्याचा साधा कायदा (विस्तार करत वाजवायची ठरावीक बोलांची रचना) घ्या, ‘धाधा तिट धाधा तिना’. गुरुजींनी मला हा एकच कायदा कित्येक महिने ठाय (संथ) लयीत घासायला लावला होता. वैताग यायचा. ‘धा’ला तर्जनी चाटेवर (तबल्याच्या कडेवर) पडून लगेच उठायला हवी, ‘तिट’ची दोन्ही अक्षरं सुटी यायला हवीत, पुढे ‘ताता’ला डग्गा (डाव्या हाताचा) बंद, त्याची घुमार नको. दुगुन (दुप्पट लय) केली की माझ्या ‘तिट’चा चुरा व्हायचा. नंतर खाँसाहेबांचं ध्वनिमुद्रण ऐकलं आणि गुरुजी कशासाठी छळत होते ते उमगलं. लय वाढली तरी त्यांचं एक अक्षर दुसऱ्यावर चढत नाही.

मूळचे मुरादाबादचे. मुंबईत मुनीर खाँसाहेबांकडे शिकले. ‘थिरकवाँ’ हे आडनाव नव्हे. बोटं तबल्यावर थिरकतात म्हणून पडलेलं नाव. शिक्का फरुखाबाद घराण्याचा, पण दिल्ली, अजराडा ही घराणीही हातात होती, आणि दिल्लीचा कायदा ते दिल्लीच्याच वळणाने वाजवत. (घराण्यांवरून भांडणाऱ्यांनी एवढं तरी ऐकावं.)

आपल्याला ते जवळचे वाटतात ते गंधर्व नाटक मंडळीमुळे. बालगंधर्वांच्या पदांना सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर हे. एवढा मोठा सोलो वाजवणारा माणूस, पण पदाला नेटका ठेका धरायचा, गाणाऱ्याला जागा द्यायची आणि दोन ओळींच्या फटीत एखादी लग्गी (छोटी, चपळ बोलांची लड) टाकून समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) हजर! माझ्या मते हे सोलोपेक्षा अवघड.

पुढे रामपूर दरबार, मग लखनौला भातखंडे संगीत महाविद्यालयात अध्यापन. 1970 साली पद्मभूषण, 1976 साली निधन. शिष्यांत निखिल घोष, लालजी गोखले, भाई गायतोंडे. गायक जगन्नाथबुवा पुरोहितही त्यांच्याकडे तबला शिकले.

आता एखादा तीनतालातला सोलो लावा. सुरुवातीचा पेशकार (सोलोची संथ, उलगडत जाणारी पहिली रचना) संथ वाटेल, तो ढकलून पुढे जाऊ नका. लेहऱ्यावर (साथीला सारंगी किंवा पेटीवर फिरत राहणाऱ्या धुनेवर) सोळा मात्रा मोजत बसा. पेशकारात मोजणी हमखास चुकते, माझीही चुकायची. चुकली की लेहऱ्याची सम धरा आणि पुन्हा एकपासून सुरू करा.