आकडे मिळत असताना क्वांटम नॉईजची चित्रं कशाला काढायची?

तुमचा प्रश्न असा, की क्युबिटांच्या (क्वांटम संगणकातल्या बिटांच्या) कॅलिब्रेशनचे, म्हणजे ते किती अचूक चालतात याच्या तपासणीचे, सगळे आकडे तक्त्यात मिळतात, मग नॉईज (यंत्रात चुका घडवणारा गोंधळ) समजायला आलेख आणि नकाशे हवेतच कशाला? मीही बरेच दिवस तक्त्यावरच भागवत होते. सरासरी एरर कमी दिसेल ते यंत्र निवडायचं, सर्किट (गेटांची, म्हणजे क्युबिटांवरच्या क्रियांची, मालिका) पाठवायचं. पण सर्किट काही सरासरीवर चालत नाही. ते ठरावीक क्युबिटांवर आणि त्यांच्या ठरावीक जोड्यांवर चालतं.

माझाच अनुभव सांगते. पाच क्युबिटांची जीएचझी अवस्था तयार केली होती, म्हणजे पाचही क्युबिट असे एकमेकांत गुंतवले होते, की मोजल्यावर सगळे 0 नाहीतर सगळे 1 यावेत. आदर्श यंत्रावर निम्म्या वेळा 00000 आणि निम्म्या वेळा 11111 यायला हवं. मला निकालांच्या स्तंभालेखात 11111 चा स्तंभ बुटका दिसला आणि चुकीच्या उत्तरांत एकटा 10111 डोकं वर काढून उभा होता. किस्किट या क्वांटम प्रोग्रॅमिंगच्या साधनात सगळ्यात उजवीकडचा बिट शून्याव्या क्युबिटचा असतो (इथे पुष्कळ जण फसतात), म्हणजे गडबड क्युबिट 3 ची. उलट बाजूचा 01000 मात्र जेमतेम दिसत होता. 1 चा 0 होतोय, 0 चा 1 होत नाहीये. म्हणून त्याच क्युबिटला 1 मध्ये ठेवून आधी लगेच मोजलं, मग थोडं थांबून मोजलं. लगेच मोजल्यावर उत्तर बरं, थांबल्यावर भराभर गळती. मोजणीपेक्षा टी-1 वर, म्हणजे क्युबिट 1 मध्ये किती वेळ टिकतो त्यावर, संशय पक्का झाला.

मग त्या क्युबिटच्या टी-1 चा दिवसागणिक आलेख काढला. रेघ बरेच दिवस ठीक चालून मध्येच खाली कोसळलेली! सुपरकंडक्टिंग क्युबिटांत असं होतं: पदार्थातल्या सूक्ष्म दोषांची वारंवारता सरकत क्युबिटच्या वारंवारतेशी जुळली, की ते त्याची ऊर्जा शोषून घेतात. आजच्या तक्त्यात फक्त आजचा आकडा असतो, हा चढउतार त्यात दिसणार कसा?

दुसरा मोठा उपयोग सर्किट यंत्रातल्या क्युबिटांच्या नकाशावर मांडून पाहण्याचा. शेजारी नसलेल्या क्युबिटांसाठी कंपायलर (सर्किट यंत्राला साजेसं करणारा प्रोग्रॅम) स्वॅप, म्हणजे दोन क्युबिटांच्या अवस्थांची अदलाबदल, घालतो आणि एक स्वॅप म्हणजे तीन सीनॉट (दोन क्युबिटांवर चालणारी गेटं). प्रत्येक गेटची एरर 1 टक्का धरली, तरी 50 गेटांनंतर एकही चूक न होण्याची शक्यता साधारण 60 टक्केच उरते. जोड्यांना एररप्रमाणे रंग दिला, की सर्किट नेमकं कुठल्या खराब जोडीवरून जातंय ते लगेच दिसतं. 2022 मध्ये मांडलेली वॅक्सेन ही पद्धत याच धर्तीची आहे. यंत्रांचा नॉईज काळानुसार कसा बदलला ते ती दाखवते आणि एकाच सर्किटच्या वेगवेगळ्या कंपाइल केलेल्या रूपांची तुलना करू देते.

सुरुवात करताना रंगांची पट्टी मात्र जपून निवडा. कधीकधी बंद जोडीची एरर 1 अशी नोंदलेली असते. ती तशीच ठेवली, तर बाकीच्या सगळ्या जोड्या एकाच रंगात दिसतात आणि नकाशा निरुपयोगी होतो. ती जोडी वेगळ्या रंगाने दाखवा, उरलेल्यांसाठी लॉग पट्टी (दर टप्प्याला ठरावीक पटीने वाढणारी) वापरा.